तांब्याची झाली मूठ

आधी खिसे रिकामे करा. मोबाइल, बॉलपेन, प्लास्टिकची पाण्याची बाटली, सगळं घरी राहू द्या. अंगात सुती कपडे घाला, खांद्यावर पंचा टाका, हातात कापडी पिशवी घ्या. पिशवीत माळ्यावरचा एखादा जुना पितळी तांब्या ठेवा. आजीच्या लग्नातला असेल तर फारच छान. काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी तिचं नाव टोचलेलं असतं ना, तसला. तो कशाला हवा ते उद्या दुपारी कळेल.

आता डोळे मिटा आणि नाकानं श्वास घ्या. पहिल्यांदा येईल कोळशाचा धूर, मग शेणाचा उबट वास, मग कुठल्याशा बाईच्या वेणीतला मोगरा. डोळे उघडा. तंजावरच्या दक्षिणेला, पट्टुकोट्टैच्या रस्त्यावरच्या ओरत्तनाडूत तुम्ही उभे आहात. साल १९४२, उन्हाळा. चपलेच्या तळातून माती भाजतेय.

समोर बस उभी आहे आणि तिच्या पाठीला न्हाणीघरातला बंब बांधलाय! जवळ जाऊन बघा. तसाच उंच, तसाच गोल, खाली निखारे, वर झाकण. पेट्रोल लढाईवर गेलंय, त्यामुळे गाड्या कोळशाच्या वायूवर चालतात. इथली माणसं हिला 'करी बस' म्हणतात. करी म्हणजे कोळसा. क्लीनरचं पोर बंबाजवळच्या पंख्याचा दांडा गरागरा फिरवतंय. त्याच्या कानामागून घामाचे काळे ओघळ मानेवर उतरलेत. वायू धरायला अजून अर्धा तास तरी लागेल. घाई करून उपयोग नाही. या प्रवासात घाई कुठेच चालणार नाही, हे आत्ताच मनाशी ठरवून टाका.

तोवर मागे वळा. ते दगडी छत्र बघितलंत? भिंतीत कोरलेले हत्ती आणि घोडे दिसतायत ना? हे मुक्तांबाळ छत्र. सरफोजीराजे भोसल्यांनी आपल्या लाडक्या मुक्तांबाळच्या नावानं ते एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलं. काशीहून गंगा घेऊन रामेश्वराला निघालेले यात्रेकरू या वाटेनं जात. त्यांना सावली मिळावी, पोटाला अन्न मिळावं, आजारी पडले तर औषध मिळावं, यासाठी तंजावरच्या मराठी राजांनी अशी छत्रं बांधली. तुमचे खापरपणजोबा कावड घेऊन निघाले असतील तर याच जोत्यावर टेकले असतील. तुम्हीही टेका. बाहेर ऊन मी म्हणतंय आणि दगड मात्र आतून गार आहे. पाठीला लागलेला हा गारवा लक्षात ठेवा. आपल्याला असंच एक परक्यांना निजायला दिलेलं घर बघायला जायचंय. तिथे हाच गारवा लोकांनी दुसऱ्या रीतीनं, मोठ्या कष्टानं मिळवलाय.

बस खोकते, थरथरते, निघते. काठोकाठ माणसं. एका बाईच्या मांडीवर कोंबडी, तिच्या शेजाऱ्याच्या मांडीवर शिवणयंत्राचं नुसतं डोकं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापणी झालेली भाताची खाचरं तडकून पडलीत आणि कालव्यांत धूळ वाहतेय. पुलाची छोटीशी चढण आली की कंडक्टर ओरडतो आणि पुरुष खाली उतरून चालू लागतात. तुम्हीही उतरा. कोळशाच्या गाडीला चढ मानवत नाही.

तंजावर स्टेशनात संध्याकाळ होते. तुमचं तिकीट साउथ इंडियन रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाचं आहे. डबा अरुंद, फळ्यांची बाकं, आणि त्या बाकांवर अख्खे संसार. जपानी विमानं येणार या धास्तीनं चैत्रात निम्मं मद्रास रिकामं झालं; ती कुटुंबं अजून या नातेवाइकाकडून त्या नातेवाइकाकडे फिरतायत. त्यांनी काय काय सोबत घेतलंय ते बघा. रगडा, देवाची पेटी, गुंडाळलेल्या गाद्या, आणि एका म्हाताऱ्यानं छातीशी धरलेली एक तिपाई. बाकी सगळं मागे राहिलं तरी त्यानं तिपाई आणली. का, ते विचारू नका. त्याच्या मुठीकडे पाहिलं तरी कळतं. एवढी वर्षं त्याच जागी धरून धरून लाकूड काळं, गुळगुळीत झालंय.

रात्रभर खिडकीतून कोळशाचे कण डोळ्यांत जातात. कुंभकोणमला विड्याच्या पानांचा वास येतो, चिदंबरमला कुणीतरी तुमच्या पायावर झोपतं. विळुपुरमला पहाटे गाडी बदलायची. फलाटावर कॉफीवाला पेल्यातून वाटीत, वाटीतून पेल्यात हातभर धार सोडतोय. प्या. कडू आणि दाट आहे. साखर कमी आहे, कारण साखरेचीही ओढाताण आहे. मग पाँडिचेरीच्या फाट्याची छोटी गाडी. वाटेत फ्रेंच हद्द लागते. जकातीचा शिपाई तुमच्या पिशवीत हात घालतो, तांब्या बाहेर काढतो, बोटाच्या पेरानं टण्‌कन वाजवतो, आत डोकावतो आणि परत देतो. धातूला आता असे दिवस आलेत. कुणाच्याही हातात तांब्या दिसला की माणूस आधी त्याचं वजन करतो.

पाँडिचेरीत उतरल्यावर पहिली गोष्ट जाणवते ती डोळे दिपवणारा चुना. मग खारा वारा. लाल टोपीचा पोलीस, उंच भिंतींवरून ओसंडलेली बोगनवेल, बंद हिरव्या झडपा. समुद्राकडे तोंड करून चालत राहा. र्‍यू द्युप्वी नावाच्या शांत रस्त्यावर आलात की पावलं आपोआप मंदावतील. तेच ते घर.

पण त्याला घर म्हणावं का? कौल नाही, कमान नाही, खांबावर नक्षी नाही. तीन मजल्यांची लांबलचक करडी भिंत, आणि तीही भिंत नव्हेच. वरपासून खालपर्यंत सिमेंटच्या पातळ आडव्या फळ्या, एकीखाली एक, माशाच्या खवल्यांसारख्या. तुम्ही बघता बघता दुसऱ्या मजल्यावरच्या काही फळ्या एकदम हलतात. कुणीतरी आतून त्या उघडल्या. मग शेजारच्या मिटल्या. घर श्वास घेतंय!

"या ना, आत या. तुम्ही मराठी दिसता."

दारात एक उंच, वाळके गृहस्थ उभे आहेत. पांढरं धोतर, हातावर चुन्याचे शिंतोडे. बोलण्यात गुजराती हेल, पण मराठी स्वच्छ. ते बडोद्याचे. सयाजीरावांच्या राज्यात वाढलेल्या माणसाला मराठी यायचीच. तिथेच कॉलेजात शिकवत होते त्या श्रीअरविंदांच्या ओढीनं ते इकडे आले आणि राहिले. आपण त्यांना काका म्हणू या.

"हे गोलकोंड," काका सांगतात. "आश्रमातल्या लोकांना राहायला. चपला तिथे ठेवा. आणि आवाज जरा खालच्या पट्टीत, हं."

गोलकोंड हे नाव कुठून आलं? हैदराबादचे दिवाण सर अकबर हैदरी यांच्यामुळे निजाम सरकारकडून एक लाख रुपये आले, म्हणून गोवळकोंड्याचं हे फ्रेंच रूप. आता जरा हिशेब करा. निजामाच्या तिजोरीत मराठवाड्याचाही सारा जात होता. परभणीच्या कापसाचा, बीडच्या ज्वारीचा घाम या भिंतीत कुठेतरी मिसळलाय. तेव्हा इथे परक्यासारखे उभे राहू नका.

आत पाऊल टाका. अनवाणी तळव्याला कडप्प्याची काळी लादी लागते आणि रात्रीची सगळी आग उतरते. तोच गारवा, ओरत्तनाडूच्या जोत्याचा. इथे मात्र तो जाड दगडाचा नाही. "वरती दोन छपरं आहेत," काका हात उंचावून दाखवतात. "स्लॅब, आणि तिच्यावर थोडी जागा सोडून सिमेंटची वाकवलेली कौलं. ऊन वरच्या छपराला लागतं, मधनं वारा जातो." भिंतीवरून हात फिरवा. अंड्याच्या कवचासारखी गुळगुळीत लागते. हा चेट्टिनाडचा गिलावा. चुना कित्येक दिवस मुरवायचा, त्यात अंड्याचा पांढरा बलक घालायचा आणि दगडानं घोटत बसायचं, भिंतीत चेहरा दिसेपर्यंत. वाळलेल्या चुन्याचा तो किंचित आंबूस वास अजून जिन्यात रेंगाळतोय.

"कुणी बांधलं म्हणून विचाराल तर माझी पंचाईत होते," काका जिना चढताना म्हणतात. आणि मग बोटांवर मोजायला लागतात.

अँटोनिन रेमंड. जन्मानं चेक, नागरिकत्वानं अमेरिकन, ऑफिस टोकियोत. नकाशे त्याचे. त्याची बायको नोएमी, तीही रचनाकार. दोघं इथे येऊन राहिले होते. फ्रांतिशेक सामर, हाही चेक. पॅरिसला ल कॉर्बुझिएच्या हाताखाली शिकलेला, तिथून मॉस्को, तिथून टोकियो, तिथून इथे. पाच वर्षं उन्हात उभा राहून त्यानं काँक्रीट ओतून घेतलं. आणि तिसरा जॉर्ज नाकाशिमा. आईवडील जपानी, जन्म अमेरिकेतला. तो पगारावर आला आणि पगार नको म्हणून आश्रमात राहिला. श्रीअरविंदांनी त्याला नाव दिलं सुंदरानंद. शिवाय पवित्र नावाचे फ्रेंच इंजिनिअर, चंदुलाल नावाचे गुजराती इंजिनिअर, गोव्याकडच्या घराण्यातले विमानविद्या शिकलेले उदार पिंटो. सगळ्यांच्या वर आश्रम चालवणाऱ्या माताजी. प्रत्येक बिजागरीचा नमुना त्यांच्या डोळ्यांखालून जायचा. आणि या सगळ्यांच्या खाली, कुणाच्या यादीत नाव नसलेले शेकडो हात: तमिळ गवंडी, लोहार, सुतार, डोक्यावर घमेली घेतलेल्या बाया, आणि वकिली-डॉक्टरी सोडून आलेले, आयुष्यात कधी हातोडा न धरलेले साधक.

"मी प्राध्यापक होतो," काका हळूच सांगतात. "तीन वर्षं खिळे सरळ केले."

हे ऐकून तुम्ही हसायला जाल, तर थांबा. त्या कोपऱ्यात बघा. एक मुलगा मांडी घालून बसलाय, पुढ्यात लोखंडी ऐरण, शेजारी वाकड्या खिळ्यांचा ढीग. ठक, ठक, ठक. खिळा उलटवायचा. ठक. बोटांच्या चिमटीत फिरवून डोळ्यासमोर धरायचा. सरळ झाला की वाटीत. बाजारात खिळा मिळत नाही. पोलाद फ्रान्सहून यायचं ते बंद झालं, सिमेंट जपानहून यायचं ते बंद झालं. जहाजं बुडतायत, बंदरं मिटलीत. अशा वेळी बांधकाम थांबवतात. इथे थांबवलं नाही. वाट्या मोजल्या, खिळे मोजले, आणि काम चालू ठेवलं.

रंध्याचा आवाज येतोय ना? चला, सुतारशाळा.

दारातच सागाचा वास तुम्हाला मिठी मारतो. थोडा तेलकट, थोडा चामड्यासारखा, नव्या पुस्तकासारखाही. कोपऱ्यात सरस शिजतोय, त्याचा उग्र दर्प त्यात मिसळलाय. जमिनीवर घोट्यापर्यंत ढलप्या. पायाखाली त्या कुरकुर मोडतात. डझनभर उघड्या पाठी एका लयीत पुढेमागे होतायत. करवतीची घरघर, मोगरीचे ठोके, पटाशी दगडावर घासल्याची किरकिर. पंखा नाही. उकडून जीव जातोय. एका सुताराच्या नाकाच्या शेंड्यावरून घामाचा थेंब फळीवर पडतो. तो चटकन अंगठ्यानं पुसतो, कारण डाग राहतो.

हा साग म्हणजे जपून वापरायचं लाकूड. रंगून मार्चमध्ये पडलं आणि ब्रह्मदेशचा साग तिकडेच अडकला. एक फळी कापायच्या आधी म्हातारा आसारी, म्हणजे सुतार, तिच्याकडे किती वेळ बघतो ते बघा. तो तिला उन्हात धरतो, रेषा वाचतो, उलटवतो, पुन्हा वाचतो. कानावरची पेन्सिल काढतो, परत ठेवतो. शेवटी एकच रेघ ओढतो.

त्याच्या आजा-पणजांनी देवळांचे रथ कोरले. तंजावरकडचे सुतार ते. बोटाएवढ्या जागेत यक्ष बसवणारी जात. "हे साहेब आले," तो तमिळमध्ये सांगतो आणि काका मराठीत उलथा करतात, "आणि म्हणाले, कोरायचं नाही. फूल नाही, वेल नाही, मोर नाही. मला वाटलं, यांच्याकडे पैसे नसतील." तो रंधा उलटा करून पात्याची धार अंगठ्यावर तपासतो. "मग पहिलं दार केलं. साध्या पट्ट्या, एकीआड एक. चुकलो. कोरीव कामात चूक झाली तर तिथे एक पान काढतो आम्ही. इथे पान कुठे काढू? सगळं फोडून पुन्हा केलं."

त्याच पट्ट्यांची सरकती दारं तुम्ही येताना पाहिलीत. दोन थरांच्या पट्ट्या अशा बसवल्यात की वारा आरपार जातो, नजर जात नाही. ही एवढीशी युक्ती मला या संपूर्ण घरातली सगळ्यात माणुसकीची गोष्ट वाटते. उन्हाळ्याच्या रात्री दार उघडं टाकून निजायची सोय, आणि तरी कुणाच्या डोळ्यांत न येण्याची लाज राखलेली. चाळीत वाढलेल्या कुणालाही विचारा, याची किंमत काय.

आता खुर्ची. आसारीनं नुकतीच पूर्ण केलेली, अजून तेल न लावलेली. बसायच्या आधी तिच्याभोवती एक फेरी मारा. दिसायला किती साधी! चार पाय, पाठ जराशी कललेली, कडा नुसत्या मारलेल्या. पण बोट फिरवलं की कळतं, एकही कड धारदार नाही आणि एकही कड गोलही नाही. सांध्यावर या. कुसू खाचेत इतका घट्ट गेलाय की नखही शिरत नाही. हे खुर्ची, मेज, खाट यांचे आराखडे नाकाशिमाचे. वास्तुकलेचा माणूस, घराचे नकाशे काढणारा. फर्निचरला त्यानं पहिल्यांदा हात घातला तो या घरासाठी. नंतर सारं आयुष्य तेच केलं.

बसा आता. पाठ टेका. कुठे टोचत नाही, कुठे लाड करत नाही. मणका सरळ होतो, खांदे खाली येतात. ज्यानं ही आखली त्यानं स्वतः जमिनीवर मांडी घालून बसणाऱ्या माणसांबरोबर दोन-अडीच वर्षं काढली होती, हे बसल्याबरोबर कळतं. ही खुर्ची ऑफिसची नाही. एकट्यानं, गुपचूप, पुस्तक मांडीवर घेऊन बसायची आहे.

याच काळात जगात इतर ठिकाणीही टंचाईचा हात सुतारकामावर फिरतोय. अमेरिकेत चार्ल्स आणि रे ईम्स नौदलातल्या जखमींच्या पायांसाठी प्लायवुड वाकवून आधारपट्ट्या करतायत. त्यातूनच पुढे त्यांची खुर्ची निघेल. सामरसारखीच पॅरिसच्या त्या ऑफिसात काम केलेली शार्लोट पेरियाँ जपानात पोचलीय आणि पोलादी नळ्यांच्या आपल्या आरामखुर्चीला तिथे बांबूचं अंग देतेय. फ्रान्समध्ये जाँ प्रूव्हेसारखा पत्र्याचा कारागीर लाकडाकडे वळलाय. इंग्लंडात सरकारच लाकूड मोजून देतंय, ठरावीक नमुन्याचं. ही माणसं एकमेकांना पत्र पाठवायची तर पत्रंसुद्धा पोचत नव्हती, आणि तरी सगळ्यांच्या खुर्च्या एकाच दिशेला, कमी लाकडाकडे, कमी जोडांकडे सरकत होत्या.

आणि आपला सुंदरानंद? तो इथे नाही. लढाई पेटली त्या वर्षी तो निघाला, जपानमार्गे अमेरिकेला पोचला. याच १९४२ साली, केवळ त्याच्या आईवडिलांचा देश शत्रूचा म्हणून, त्याला बायको मॅरियन आणि काही महिन्यांच्या मुलीसकट आयडाहोच्या वाळवंटात, मिनिडोकाच्या छावणीत नेऊन टाकतात. मुलीचं नाव मीरा. माताजींचं मूळ नावही मीराच. काटेरी तारा, डांबरी कागदाच्या बराकी, दातांत करकरणारी धूळ. तिथे त्याला गेंतारो हिकोगावा नावाचा जपानी परंपरेत शिकलेला सुतार भेटतो. छावणीच्या बांधकामातले उरलेले तुकडे आणि वाळवंटातली वेडीवाकडी झुडपं, एवढंच सामान. त्यातून दोघं बराकीतल्या खोल्या माणसाला राहण्यासारख्या करू पाहतात. पटाशी कशी धरायची, जपानी करवत आपल्याकडे ओढत कशी चालवायची, हे तो तिथे शिकतो. १९४३ साली त्याला सोडवायला कोण धावून येतं? रेमंड. स्वतःच्या पेनसिल्व्हेनियातल्या शेतावर काम देतो असं लिहून देऊन. म्हणजे पाँडिचेरीत जुळलेला सांधा तुटला नव्हता.

चला, उठा. काका तुम्हाला हाक मारतायत. तुमच्या पिशवीकडे बघतायत.

शेडकडे जाताना उष्णता आधी भिंतीसारखी अंगावर येते. ही उदार पिंटोंची कार्यशाळा; तिचं नाव हार्पागॉन. मोलिएरच्या नाटकातल्या कंजूष म्हाताऱ्याचं नाव. तुम्हाला तो वेगळ्या नावानं माहीत आहे. अत्र्यांनी त्याच नाटकावरून 'कवडीचुंबक' बेतलं. इथे तसाच कवडीचा हिशेब चालतो, फरक एवढाच की साठवायचं काही नाही, सगळं घराला लावायचं. खिडक्यांच्या फळ्या फिरवायला मुठी हव्यात, दारांना कड्या, कपाटांना बिजागऱ्या, खुंट्या, हूक. बाहेरून येईनात. मग इथेच ओतायचे. आणि पितळ कुठून आणायचं?

त्या ढिगाकडे बघा.

घागरी. परात. पेले. समया. चरवी. डबा. चेंबलेलं घंगाळ. घरोघरची जुनी भांडी. जवळ वाका. प्रत्येकावर नाव आहे. तमिळ अक्षरं, बंगाली अक्षरं, गुजराती. कुणाच्या लेकीचं, कुणाच्या सासूचं, कुणाच्या बारशाची तारीख. ठिपक्याठिपक्यांनी टोचलेली सगळी नावं, आपल्याकडच्यासारखीच. ओतारी एकेक उचलतो, हातोड्यानं चपटं करतो आणि मुशीत टाकतो. नाव आधी दुमडतं, मग दिसेनासं होतं.

आता तुमचा तांब्या काढा.

मला ठाऊक आहे, हात जड होतो. आजीच्या हातचं पाणी यातूनच प्यायलात. चिंचेनं घासून घासून काठ पातळ झालाय. अंगठा त्या ठिपक्यांवरून जातो आणि तिचं नाव बोटाला वाचता येतं, डोळे मिटूनही. कुणी जबरदस्ती करत नाही. काका तर दुसरीकडे बघतायत. भाता चाललाय, हू... हू... हू..., मुशीच्या तोंडाशी हिरवट ज्योत थरथरतेय, जस्ताचा पांढरा धूर घशात खवखवतो.

दिलात. बरं केलंत.

हा तांब्या न चेपताच मुशीत जातो आणि क्षणभर तसाच उभा राहतो, निखाऱ्यासारखा लाल, ओळखू येणारा. मग एका बाजूनं खचतो. मग नुसतं पिवळं, जड पाणी, ज्यावर तुमचा चेहरा दिसत नाही इतका प्रकाश. दोघं जण सांडशीनं मूस उचलतात, ओल्या वाळूच्या साच्यावर कलंडतात. फुस्स. वाफ, जळक्या मातीचा वास. वाट बघायची. तीही इथे कामाचाच भाग आहे. कुणी घड्याळ बघत नाही, कुणी कंत्राटदार दारात उभा नाही. साचा फोडला की निघते ती खरबरीत, काळपट कांडी, मुळीच सुंदर नसलेली. मग कानस. मग वाळू. मग चिंच, हो, इथेही चिंच. मग कापडानं तासभर घासणं. काका ते काम तुमच्याच हातात देतात. बोटं काळी होतात, नखांत पितळ शिरतं, मनगट भरून येतं. तिन्हीसांजेला ती मूठ सोन्यासारखी उजळते आणि तळहातात अशी बसते की जणू तळहाताचं माप घेऊनच ओतली होती.

रात्र. आश्रमातलं साधं जेवण झालंय: भात, भाजी, दही, केळं. रस्ता काळोखा, कारण दिव्यांना बंदी. समुद्रावरून कोण येईल याचा नेम नाही. काका तुम्हाला दुसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत सोडून जातात. "पहाटे घंटा होईल," एवढंच म्हणतात.

खोलीत काय आहे? एक खाट, एक मेज, एक खुर्ची, एक लहान कपाट. बस. डास आहेत, मच्छरदाणी आहे. उकाडा अंगाला चिकटलाय. खिडकीशी जा. अंधारात चाचपडा. हाताला लागेल ती मूठ. ती तुमचीच आहे की दुसऱ्या कुणाच्या घागरीची, हे इथे कुणीच सांगू शकणार नाही, कारण ठिपके आता कशावरच नाहीत. खाली ओढा. डोक्यापासून गुडघ्यापर्यंतच्या सगळ्या फळ्या एकदम, बिनआवाज वळतात आणि समुद्र खोलीत येतो. खारा, गार, ओला. सरकत्या दाराच्या पट्ट्यांतून तो ओसरीत जातो, ओसरीतून पलीकडच्या बागेत. घामेजल्या मानेवर त्याचा पहिला स्पर्श झाला की तुम्ही नकळत "हा" म्हणता. शेजारच्या खोलीतही कुणीतरी तेवढ्यातच म्हणतं.

निजण्यापूर्वी एक करा. खुर्ची हळूच आडवी करून तिच्या बुडाशी बोट फिरवा. पुढे पेनसिल्व्हेनियात नाकाशिमाची एक रीत होणार आहे. मेज किंवा खुर्ची तयार झाली की तिच्या बुडाशी तो शाईनं नाव लिहायचा, स्वतःचं नव्हे, जिच्या किंवा ज्याच्या घरी ती जाणार त्या गिऱ्हाइकाचं. १९६४ साली तो पुन्हा भारतात येईल, अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत आपल्या नमुन्यांचं फर्निचर करून घेईल. ते सगळं अजून दूर आहे. आत्ता या खुर्चीच्या बुडाशी तुमच्या बोटाला फक्त रंध्याची एक बारीकशी लहर लागते, आणि पेन्सिलीची एक रेघ, जी आसारीनं एवढा विचार करून ओढली होती. खुर्ची उभी करा. आवाज होऊ देऊ नका.

परतीची गाडी तीच, गर्दी तीच. तिपाईवाला म्हातारा मात्र दिसत नाही. पोचला असेल बिचारा कुठेतरी. तंजावरहून करी बस. पुलावर उतरायचं, पुन्हा चढायचं. भर दुपारी ओरत्तनाडू येतं तेव्हा घसा कोरडा ठणठणीत पडलेला असतो. छत्राच्या विहिरीवर एक बाई पोहरा ओढतेय. तुम्ही सवयीनं पिशवीत हात घालता, तांब्या काढायला.

ती तुमच्या रिकाम्या हाताकडे बघते, काही विचारत नाही, पोहरा कलता करते. ओंजळ पुढे करा. कोपरापर्यंत पाणी ओघळू द्या. गार आहे.